आप्पांचं सूप

पातेल्यातला एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, हात तोंडाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं एकच भुवई वर करायची. "अजून बोलत न्हाय ते," आप्पा म्हणायचे आणि पुन्हा पळी हातात घ्यायचे. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. सूप बोलतं असं एखाद्या मुलीनं निबंधात लिहिलं असतं तर मी खाली लाल रेघ ओढली असती. आप्पांसमोर मात्र मी पाटावर बसून राहायची आणि ते कधी बोलतंय याची वाट बघायची.

त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. ते वाचून कुणाला काही कळणारही नाही, कारण सोलापुरातली आमची अख्खी पेठ त्यांना आप्पाच म्हणायची. मूळचे मंद्रूपकडचे लिंगायत. घरात कानडी, दारात मराठी, आणि गिरणीतल्या फिटरांशी दखनी, तीही अशी की ऐकणाऱ्याला वाटावं हे त्यांच्यातलेच. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात काळा कोट, डोक्याला पांढरा पटका, खिशात तपकिरीची डबी. एका गिरणीच्या स्टोअरात त्यांनी उभा जन्म काढला. खिळा, पट्टा, तेलाचा डबा, काहीही मागा, आप्पा मान न वळवता हात मागं करायचे आणि वस्तू हातात यायची. जिथं वस्तू शोधावी लागते ते स्टोअर नसून अडगळ असते, असं त्यांचं मत होतं आणि आमच्या घराकडे बघून ते हे मत जरा मोठ्यानं मांडत असत.

आमच्या दोन्ही घरांना एकच अंगण होतं. इकडे मी आणि माझी आई, तिकडे आप्पा आणि अक्का. अक्का म्हणजे त्यांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघांमध्ये बोलणं इतकं कमी की आईला आधी वाटलं भांडण आहे. नंतर कळलं की बोलायचं काही उरलेलंच नाही, सगळं एकमेकांना आधीच ठाऊक असतं.

आप्पा नोकरीतून मोकळे झाले त्याच साली अक्कांनी अंथरूण धरलं. पोटाचा आजार, जुना, चिवट. गोरीपान, भरल्या अंगाची बाई बघता बघता काडी झाली. डॉक्टर आले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती दूध बंद. दुधाचा थेंब नको, तूप नको, ताक नको, लोणी नको. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे आजारी माणसाला दुसरं देतात काय? दुधाशिवाय माणूस कधी उठलाय का, असं माझी आई म्हणाली, पेठ म्हणाली, आणि आप्पा कंजूष झालेत असंही दोघी-तिघी म्हणाल्या. पण डॉक्टरांचं खरं होतं. घोटभर दूध गेलं की तासाभरात अक्का अर्धमेल्या व्हायच्या. हे आप्पांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

खरी अडचण पुढे होती. दूध बंद झालं तशा अक्कांनी बाकी सगळ्याकडेच पाठ फिरवली. पेज नको, मुगाचं पाणी नको, भात नको. ताट समोर आलं की एकच शब्द, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. जेवण झाल्यावर म्हणायचा शब्द अक्का जेवणाआधी म्हणायला लागल्या. तो एवढा हळू यायचा की कान जवळ न्यावा लागायचा. डॉक्टरांनी मला आणि आईला अंगणात बाजूला घेऊन सांगितलं, पोटात काही टिकलं नाही तर औषधाचा उपयोग नाही. आप्पा उंबऱ्यात उभे होते. त्यांनी ते ऐकलं असावं, कारण त्या दिवशी संध्याकाळी ते कोट घालून बाहेर पडले.

ते गेले ते गिरणीच्या इंजिनिअरसाहेबाच्या बंगल्यावर. साहेब मागे तापानं पडला होता तेव्हा त्याला पेल्यातून काहीतरी दाट, पिवळसर पाजताना आप्पांनी बघितलं होतं, आणि साहेब आठवड्यात उठून कामगारांवर ओरडायला लागला होता. बंगल्याच्या खानसाम्याला आप्पांनी विचारलं. तो म्हणाला सूप, आणि सांगितलं की त्यात हाडांचं पाणी असतं, लोणी असतं आणि वरून मलई. आप्पा म्हणाले, हाडं काढ, लोणी काढ, मलई काढ, मग काय राहतं? खानसामा हसला. "मलई बगैर कायका सूप जी?" एवढं म्हणून त्यानं त्यांना भाज्या कशा शिजवायच्या, कशा गाळायच्या ते मात्र नीट दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात नाटक सुरू झालं. आयुष्यात चहासुद्धा न केलेला माणूस चुलीपाशी बसला. तांबडा भोपळा, गावठी गाजरं, कांदा, थोडं आलं. शिजवून, घोटून, गिरणीतल्या मलमलीच्या तुकड्यातून गाळायचं. कोणती मलमल घ्यायची हे ते बोटांत कापड चोळून ठरवायचे, आणि भोपळ्यापेक्षा त्यांना कापडाची जास्त माहिती आहे हे उघड दिसायचं. पहिलं सूप पाण्यासारखं झालं. ते दाट व्हावं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्वारीचं पीठ लावलं, तर सुताला लावतात तशी खळ झाली. पळी उभी राहिली त्यात. आप्पांनी ती खळ स्वतः खाल्ली आणि मला म्हणाले, मास्तरीणबाई, आज माझ्या पोटाला कांजी लागली, आता इस्त्री तेवढी राहिली.

ही बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही, पण पसरली ती वेगळीच. आप्पा घरी सूप करतात, असं कुणीतरी सांगितलं. आपल्याकडे सूप म्हणजे धान्य पाखडायचं. झालं. नोकरी सुटल्यावर आप्पांनी बुरुडाचं काम धरलं, अशी बोलवा झाली. एक म्हातारी तर कड निघालेलं सूप घेऊन दारात आली आणि विणून द्या म्हणाली. आप्पांनी तिला बसवलं, वाटीभर सूप प्यायला दिलं आणि तिचं सूप बुरूड आळीत नेऊन स्वतः दुरुस्त करून आणलं. म्हातारी जाताना सांगून गेली की विणकाम बरं आहे, पण ते भोपळ्याचं पाणी अळणी होतं.

मलईचं कोडं शेवटी शेंगांनी सोडवलं. सोलापुरात राहून हे आधी कसं सुचलं नाही, असं आता वाटतं. घरोघरी शेंगांची चटणी, आणि आम्ही मलई शोधत बसलो. आप्पांनी शेंगदाणे रात्रभर भिजवले, सालं काढली, पाट्यावर पाणी लावत लावत गंधासारखे मऊ वाटले आणि मलमलीतून पिळले. खाली वाडग्यात पांढरंशुभ्र, दाट पाणी उतरलं. ते जरासं, आजारी पोटाला झेपेल एवढंच, गाळलेल्या भोपळ्यात घातलं. रंग केशरासारखा झाला आणि पळीवरून ते सरकन घसरण्याऐवजी सावकाश उतरायला लागलं. जिऱ्याची पूड, मिऱ्याची चिमूट, मीठ. आप्पांनी तळहातावर थेंब घेतला. या वेळी दोन्ही भुवया वर गेल्या.

"बोलायला लागलं बगा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा भीती जास्त होती.

मी दाराशी उभी होते. अक्कांनी सवयीनं "साकु" म्हटलं. आप्पांनी ऐकलंच नाही असं दाखवून चमचा ओठांना लावला. एक चमचा गेला. दुसरा गेला. बऱ्याच वेळानं वाटी संपली आणि आप्पा ती घेऊन उठणार तोच अक्का भिंतीकडे बघत म्हणाल्या, "इन्नू स्वल्प." अजून थोडं. आप्पांनी आणखी अर्धी वाटी पाजली. मग स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी आत डोकावले नाही. काही गोष्टी शेजारणीनं बघायच्या नसतात.

त्यानंतर अक्का हळूहळू सावरू लागल्या. उशीला टेकून बसायला लागल्या. आणि इथंच एका शब्दानं घात केला.

शेंगदाण्याच्या त्या पांढऱ्या पाण्याला आप्पांनी आपलं सोयीचं नाव दिलं होतं, हालु. हालु म्हणजे कानडीत दूध. "बाई, हालु तेवढं सरकवा हिकडं," असं ते मलाही म्हणायचे आणि मीही सरकवायची. वळसंगहून अक्कांची धाकटी बहीण बघायला आली. जिवाची माया लावणारी बाई, मराठी जेमतेम, कानडी तोंडात सारखी. येताना घरच्या गाईचं दूध कासंडीभर घेऊन आली होती. आप्पांनी ते नम्रपणे बाजूला ठेवलं. पण तिनं कानांनी ऐकलं, आप्पा सुपात हालु घालतात. पाट्यावरचं वाटण तिनं पाहिलेलं नव्हतं. तिला वाटलं, डॉक्टराच्या धाकानं भाऊजी चोरून घालतात आणि तेही घाबरत घाबरत, चमचाभर. दुसऱ्या दिवशी आप्पा लिंगपूजेला बसले असताना तिनं साईसकट वाटीभर दूध पातेल्यात ओतलं. बहिणीला अंगी लागावं म्हणून.

अक्का त्या दिवशी जे पडल्या ते डॉक्टर धावत आले. पोटात पाणी ठरेना. पुन्हा तेच सुरू झालं, साकु, साकु, औषधाच्या चमच्यालासुद्धा साकु. नाडी बघताना डॉक्टरांनी आप्पांकडे पाहिलं नाही. आईनं आमच्या देवापुढे समई लावली आणि मला म्हणाली की आता तू शाळेत जाऊ नकोस.

घरात खरं काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. बहिणीनं स्वतःच सांगितलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली, डोक्यावरून पदर ओढून. वळसंगला परत जाते म्हणाली, पण जाताही येईना. मला वाटलं आता आप्पा बोलतील. मी असते तर बोलले असते. माझी जीभ काय आहे ते माझ्या शाळेतल्या मुलींना विचारा. आप्पा तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले.

"तुजी चूक न्हाय ही," ते कानडीत म्हणाले, मी त्यांच्या मराठीत लिहिते. "डब्यावर चिठ्ठी चुकीची मी लावली. तू वाचलीस ती बरोबर वाचलीस."

एवढंच बोलून ते उठले, तिला पाट्यापाशी घेऊन गेले आणि तिच्याच हातून शेंगदाणे वाटून घेतले. ती रडत वाटत होती आणि आप्पा शेजारी बसून पाणी लावत होते. मी जन्मभर भाषा शिकवली. शब्द चुकला की दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारायचा, ही आपली सगळ्यांची रीत आहे. आपण बोललेल्या एका शब्दाची जबाबदारी अशी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे मी अगदी विचार करून लिहिते आहे.

अक्का त्यातून वाचल्या. कशा, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आधी कोमट पाण्याचे थेंब, मग पेजेची निवळ, मग पुन्हा सूप. हालु हा शब्द त्या पाण्यासाठी त्या घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही. त्याला सगळे "शेंगांचं पाणी" म्हणू लागले. बहीण दर हंगामाला वळसंगहून नव्या शेंगांचं पोतं पाठवायची आणि त्यावर आप्पा खडूनं स्वतः लिहायचे, शेंगा.

पुढची कितीतरी वर्षं अक्का जगल्या. पूर्वीसारख्या झाल्या नाहीत, पण उन्हात बाजेवर येऊन बसायच्या, गव्हातले खडे काढायच्या, आईशी दोन शब्द बोलायच्या. दूध त्यांना कधीच चाललं नाही. सकाळी भाकरीचा पापुद्रा आणि दोन्ही वेळा सूप, यावर त्यांचं चालायचं. आप्पांनी एक दिवस चुकवला नाही. लग्नाला गेले नाहीत, मंद्रूपच्या जत्रेला गेले नाहीत, गावची जमीन भावानं वाटून घेतली तिथंही गेले नाहीत. लोकांनी विचारलं की म्हणायचे, पातेलं कोण बघणार. या गोष्टीचं त्यांनी कधी कौतुक करू दिलं नाही. मी एकदा काही बोलायला गेले तर म्हणाले, स्टोअरकीपर सुट्टीवर गेला की गिरणी बंद पडते, हे तुम्हाला ठाऊक नाही का.

त्यांनी मला सूप शिकवलं तेही याच हिशेबानं. एका हिवाळ्यात त्यांना स्वतःला ताप भरला, तरी भिंत धरून चुलीपाशी गेलेच. ताप उतरल्यावर मला बोलावून म्हणाले, "मी पडलो तर? तुमी शिकून घ्या की." त्यांची शिकवणी म्हणजे शिक्षा होती. भोपळ्याच्या फोडी लहान-मोठ्या झाल्या की परत चिरायला लावायचे. शेंगांचं पाणी पडलं की आच मंद ठेवायची, पळी तळाला लावून फिरवत राहायची आणि काही झालं तरी सोडायची नाही, कारण शेंगा क्षणात खाली लागतात. अंगणात कुणी हाक मारली तरी उठायचं नाही. मी एकदा आईला ओ द्यायला मान वळवली तर त्यांनी माझ्या हातातून पळी काढून घेतली. माझ्या शाळेत इतकी कडक बाई नव्हती. मीसुद्धा नव्हते.

आणि मग ते गेले. भोपळा घेऊन बाजारातून आले, ओट्यावर टेकले, पाणी मागितलं. आई तांब्या घेऊन येईपर्यंत मान कलली होती. काही भोगलं नाही, कुणाला काही करायला लावलं नाही. अक्कांना मीच सांगितलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पाणी प्यायले का. मी हो म्हटलं. ते खोटं होतं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच सांगेन.

त्यांना माती दिली. माणसं आली, गेली. वळसंगची बहीण राहिली. अक्कांनी पहिले दोन दिवस फक्त पाणी घेतलं. बहीण समजावून थकली. तिसऱ्या दिवशी मी शाळेला सुट्टी टाकली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. सगळं जागच्या जागी होतं, हात मागं केला की सापडेल असं. मी भोपळा चिरला, फोडी सारख्या केल्या. शेंगदाणे बहिणीनं वाटून दिले. मंद आचेवर पळी तळाला लावून फिरवत बसले आणि एकदाही सोडली नाही. शेवटी तळहातावर थेंब घेतला. माझ्या तळहातावर काही ते बोललं नाही, पण चव तीच होती. अगदी तीच, आप्पा मला वाटीत द्यायचे ती.

अक्कांनी एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मग वाटी खाली ठेवली. मला वाटलं आता साकु म्हणणार.

"लई चांगलं झालंय बाई," त्या म्हणाल्या. "पण हे न्हाय ते."

मी म्हटलं, अक्का, जसं शिकवलं तसंच केलंय, सगळं मोजून, पळीसुद्धा सोडली नाही.

"तेच की. ते कुटं बसायचे पातेल्याजवळ? तुमी शाळेत गेला की मधीच पळी सोडून यायचे. हितं दाराशी उभं राहायचे, मी श्वास घेतीय का बगायचे, आन परत जायचे. तेवढ्यात खाली लागायचं. वरचं नितळ तुमाला द्यायचे, तळाचं दाट मला. रोज करपल्याली चव यायची."

मी विचारलं, त्यांना कधी कळलं नाही?

"तपकिरीनं नाक मेल्यालं त्यांचं. मी डोळं मिटून पडायची, त्यांना वाटायचं झोपलीय. मग सूप तोंडात आलं की मला कळायचं, आज पन येऊन गेले. सांगितलं असतं तर पळी सोडून आले असते व्हय?"

बहीण पाठमोरी होऊन काहीतरी आवरायला लागली. मी वाटी उचलली. अक्कांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"उद्या थोडं लागू द्या खाली," त्या म्हणाल्या. "त्याबिगर उतरत न्हाय बाई."

दुसऱ्या दिवशी मी सगळं तसंच केलं. शेंगांचं पाणी पडल्यावर आच होती तेवढीच ठेवली, पळी पातेल्याच्या कडेला टेकवली आणि उठून अक्कांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते.